वेडंतांगलचा कौल

चेन्नईत राहणाऱ्या मराठी कुटुंबांचा पौष-माघातला एखादा रविवार ठरलेला असतो. गावाकडून पाहुणे आलेले असतात, महाबलिपुरम आणि कांचीपुरम करून झालेले असते, साड्यांची खरेदीही आटोपलेली असते. मग कोणीतरी वेडंतांगलचे नाव काढतो. शहराच्या नैऋत्येस सुमारे ऐंशी किलोमीटरवर, चेंगलपट्टु जिल्ह्यात, हा एक लहानसा तलाव आहे. क्षेत्र जेमतेम तीस हेक्टर. ईशान्य मोसमी पाऊस बरा झाला असेल तर तलावातील झाडे कमरेइतक्या पाण्यात उभी असतात आणि त्यांच्या फांद्या पक्ष्यांच्या वजनाने वाकलेल्या दिसतात. चित्रबलाक, उघड्या चोचीचे करकोचे, चमचे, रातबगळे, पाणकावळे, झोळीवाले पेलिकन, सारे एकाच झाडावर मजले वाटून घेतल्यासारखे नांदतात. झाडेही आपल्याला अगदी परकी नाहीत. पाण्यात उभे राहण्याची सवय असलेली ही मंडळी कोकणातल्या समुद्रफळाच्या कुळातली आहेत.

पाहुणे पक्षी पाहतात. महसूल खात्यात उमेदवारी केलेल्या माणसाची नजर मात्र भलतीकडेच जाते. वेडंतांगलच्या इतिहासात एका दस्तऐवजाचा उल्लेख येतो. वनखात्याने प्रसिद्ध केलेल्या माहितीनुसार १७९८ साली चेंगलपट्टुचा कलेक्टर लायोनेल प्लेस याने या गावाला पक्ष्यांच्या रक्षणाचा अधिकार लिहून दिला. इंग्रजी लिखाणात त्या दस्तऐवजाला जो शब्द वापरला जातो, तो इंग्रजी नाही, तमिळही नाही. तो शब्द आहे ‘कौल’.

मराठी वाचकाला या शब्दाचा अर्थ सांगण्याची गरज नाही. देवीचा कौल आपण लावतो, मतदारांचा कौल वर्तमानपत्रांत वाचतो. पण जुन्या दप्तरांत त्याचा अर्थ अधिक नेमका होता. अरबीत ‘कौल’ म्हणजे शब्द, वचन. दुष्काळाने किंवा लढाईने ओस पडलेल्या गावात रयत परत यावी म्हणून सरकार कौल देई : या, नांगर धरा, अमुक वर्षे सारा कमी घेऊ, उपद्रव होऊ देणार नाही. कौल म्हणजे हुकूम नव्हे आणि मेहेरबानीही नव्हे. तो दोन बाजूंचा करार असे, आणि त्यात दुसऱ्या बाजूला गाव हा एक पक्ष म्हणून उभा असे. विजापूर, गोवळकोंडा आणि मराठे यांच्या कारभाराबरोबर हा शब्द दक्षिणेत उतरला. चेंगलपट्टुच्या दप्तरात तसे ओळखीचे शब्द पुष्कळ भेटतात. तमिळनाडूत आजही तालुक्याला तालुकच म्हणतात, वर्ष फसली मोजतात, दरसाल जमाबंदी भरते. गावकऱ्यांनी आपापल्या अंगमेहनतीने तलाव दुरुस्त करण्याच्या जुन्या प्रथेचे नाव आहे ‘कुडिमरामत्तु’. त्यातील ‘मरामत्तु’ म्हणजे आपली मरामत. हे नाव घेऊन राज्य शासनाने २०१७ साली तलावदुरुस्तीची योजनाही काढली.

आता हा प्लेस कोण? कर्नाटकचा नबाब महंमद अली याने १७६३ साली मद्रासभोवतीचा मुलूख कंपनीला जहागीर म्हणून दिला. १७८० मध्ये हैदर अलीच्या स्वारीने तो उद्ध्वस्त झाला. तलावांचे बांध फुटले, गावे ओस पडली. १७९४ मध्ये प्लेस या जहागिरीचा कलेक्टर झाला आणि १७९८ पर्यंत राहिला. त्याला दयाळू साहेब समजण्याचे कारण नाही. वसुली वाढवणे हेच त्याचे मुख्य काम होते आणि त्यासाठी त्याने पूनमल्लीच्या बाजूच्या मिरासदारांशी (हाही शब्द आपलाच) उघड संघर्ष केला, कित्येकांची मिरास काढून घेतली. मिरासदार गाव सोडून निघून गेले. निषेधाची ही रीतही आपल्या देशावर परिचित होती. अमेरिकन इतिहासकार युजीन इर्शिक यांनी या जहागिरीवर १९९४ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात प्लेस आणि स्थानिक लोक यांच्यातील ही ओढाताण तपशिलाने मांडली आहे. त्यांचा मुद्दा असा, की वसाहतीच्या राजवटीने जे ज्ञान आणि ज्या संस्था उभ्या केल्या, त्या केवळ वरून लादलेल्या नव्हत्या. त्यांच्या घडणीत खालून येणारा आवाजही मिसळला होता.

वसुली वाढवायची तर भात पिकले पाहिजे, भात पिकायचे तर तलाव भरले पाहिजेत. म्हणून प्लेसने तलाव दुरुस्त केले आणि देवस्थानांच्या उत्सवांतही लक्ष घातले. वेडंतांगलपासून जवळच मदुरांतकमचा प्रचंड तलाव आहे. तेथील कोदंडरामाला लोक ‘एरी कात्त रामर’, म्हणजे तलाव राखणारा राम, म्हणतात. कथा अशी, की पावसाळ्यात बांध फुटण्याच्या बेतात असताना प्लेस रात्री पाहणीला गेला आणि त्याला बांधावर धनुष्यबाण घेतलेले दोन तेजस्वी तरुण पहारा करताना दिसले. बांध फुटला नाही. साहेबाने देवीचे मंदिर बांधून देण्याचा शब्द पाळला आणि तेथे हा धर्म कंपनीच्या जहागिरीचा कलेक्टर लायोनेल प्लेस याचा असल्याचा तमिळ लेख आहे. कथेवर कोणी किती विश्वास ठेवावा हा ज्याचा त्याचा प्रश्न. मला मात्र त्या कथेतील एक तपशील फार खरा वाटतो : अतिवृष्टीच्या रात्री कलेक्टर बांधावर होता.

वेडंतांगलच्या कौलाकडे या पार्श्वभूमीवर पाहावे लागते. गोरे शिपाई आणि साहेब तेथे बंदुका घेऊन येत आणि पक्षी मारीत. गावकऱ्यांनी कलेक्टरकडे तक्रार केली. तक्रारीचे कारण भूतदया एवढेच नव्हते. हजारो पक्षी महिनोन्महिने तलावातील झाडांवर राहतात, त्यांची विष्ठा पाण्यात पडते आणि त्या पाण्यातून नत्र व स्फुरद भाताच्या खाचरांत पोचतात. ज्या गावाच्या तलावात पक्षी घरटी करतात, त्या गावाच्या शेतीला खत आयतेच मिळते. म्हणजे पक्षी मारणे हे शेतकऱ्याच्या पिकावर हात टाकण्यासारखे होते आणि पीक म्हणजे कंपनीचा सारा. साहेबाला हे गणित समजले. नवी व्यवस्था त्याने निर्माण केली नाही. गावात जे चालतच आले होते, त्याला सरकारी मोहोर लावून बाहेरच्या बंदुकीला अटकाव केला, इतकेच. १८५८ साली, कंपनीचे राज्य संपून राणीचे राज्य आले त्या वर्षी, तेव्हाच्या कलेक्टरने हा अधिकार पुन्हा मान्य केल्याचे सांगतात. जुने कौल नव्या सरकारकडून ताजे करून घेण्याची गावांची ही तत्परता पाहून गंमत वाटते आणि आदरही वाटतो.

गावाच्या नावाचा अर्थही सांगितला पाहिजे. ‘वेडन’ म्हणजे व्याध, शिकारी. ‘तांगल’ म्हणजे थांबण्याची जागा, वस्ती. लहान तलावालाही या भागात तांगल म्हणतात. व्याधाच्या वस्तीत पक्ष्यांना अभय मिळाले. त्या व्याधाचे पुढे काय झाले, याकडे वळण्यापूर्वी मधली ऐंशी-नव्वद वर्षे ओलांडावी लागतील.

मद्रास इलाख्याचा जंगलविषयक इतिहास मुंबई इलाख्यापेक्षा थोडा वेगळ्या वाटेने गेला. १८०६ साली मलबारात कॅप्टन वॉटसन याला सागवान राखण्यासाठी नेमले गेले. राखणे म्हणजे आरमारासाठी मक्ता करणे. लोकांची इतकी ओरड झाली, की १८२० च्या दशकाच्या आरंभी गव्हर्नर थॉमस मन्रो याने ते पदच रद्द केले. चेन्नईच्या माऊंट रोडवर रिकिबीविना घोड्यावर बसलेला जो पुतळा आहे, तोच हा मन्रो. पुढे रेल्वे आली. १ जुलै १८५६ रोजी रॉयपुरमहून अर्काटच्या दिशेने दक्षिणेतील पहिली गाडी सुटली आणि त्याच सुमारास डॉ. ह्यू क्लेगहॉर्न हे मद्रासचे पहिले वनसंरक्षक झाले. हा योगायोग नव्हे. रुळांखाली लाकूड लागे आणि इंजिनाच्या पोटातही लाकूडच लागे. मद्रासच्या किनाऱ्यावरील सुरूची बने ही त्या भुकेची संतती. अलिबाग-दापोलीच्या किनाऱ्यावर सुरूच्या सावलीत बसून आपण ज्याला निसर्ग म्हणतो, ते झाड मुळात परदेशी. मद्रासच्या बाजूला जळणासाठी ते वाळूच्या टेकाडांवर ओळीने लावले गेले, तेव्हा टेकाडांवरील मूळच्या वेलीझुडपांची जागा गेली. २००४ च्या सुनामीनंतर ‘हिरवी भिंत’ म्हणून किनाऱ्यावर पुन्हा सुरूच लावला गेला, आणि ऑलिव्ह रिडले कासवांना अंडी घालायला उघडी वाळू कोठे उरली, असा प्रश्न अभ्यासकांनी विचारला.

१८७० च्या सुमारास केंद्र सरकार जंगलकायद्याची जुळवाजुळव करीत असताना मद्रासच्या रेव्हिन्यू बोर्डाने हरकत घेतली. बोर्डाचे म्हणणे थोडक्यात असे, की या इलाख्यात कोणत्या ना कोणत्या गावाच्या सीमेत न येणारे रान जवळजवळ नाही; गावकरी तेथून लाकूडफाटा, चारा, पाला आणतात तो सरकारच्या कृपेने नव्हे तर हक्काने. सरकारी बोर्डाने वरिष्ठ सरकारला असे सुनावणे ही रोजची गोष्ट नव्हे. पण १८७८ चा भारतीय वन कायदा झाला. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्याला विरोध केला. रयतेला विश्वासात घेऊन जंगल अधिक चांगले राखता येईल, असा तिचा युक्तिवाद होता. १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जोतीराव फुल्यांनी जंगलखात्याने डोंगर, दऱ्या, गायराने गिळल्यामुळे शेतकऱ्याच्या शेरड्या-करडांना जागा उरली नाही, हे आपल्या खास आसुडी भाषेत लिहिले. मद्रासने १८७८ चा कायदा जसाच्या तसा घेतला नाही, १८८२ मध्ये स्वतःचा केला. त्यात हक्कांची चौकशी करण्याची तरतूद होती. परंतु चौकशीसमोर उभे राहायला मुदतीत अर्ज लागे, साक्ष लागे, कागद लागे. शेतकऱ्याकडे पट्टा होता, गावाकडे कौल होता. ज्याच्याकडे काहीच नव्हते, त्याचा दावा फेटाळण्याचीही वेळ आली नाही. तो दाखलच झाला नाही.

एक शब्द येथे नोंदवून पुढे जातो. तमिळ महसुलात ‘पोरंबोक्कु’ म्हणून एक वर्ग आहे. सारा न लागणारी, सामाईक वापराची जमीन : तलावाचे पात्र, कालवे, चराई, दलदल, स्मशान. आपल्याकडचे गायरान आणि खराबा एकत्र केले तर जे होईल ते. सारा येत नाही म्हणून ती नोंदवहीत शून्य, आणि नोंदवहीत शून्य म्हणून हळूहळू सर्वांच्याच लेखी निरुपयोगी. हा शब्द आज तमिळमध्ये शिवीसारखा वापरतात. दक्षिण चेन्नईतील पल्लिकरणैची दलदल अशीच शून्य समजली गेली. हजारो हेक्टरांचा पाणथळ प्रदेश, त्यावर शहराचा कचरा, रस्ते, माहिती-तंत्रज्ञानाच्या इमारती. २००७ मध्ये ३१७ हेक्टर राखीव वन झाले, २०२२ मध्ये सुमारे १,२४७ हेक्टर रामसर यादीत गेले. मधल्या काळात १ डिसेंबर २०१५ ची रात्र येऊन गेली. त्या पुराने शून्याची किंमत किती ते शहराला दाखवले. त्या वेळी चेन्नईत असलेल्या वाचकांना अधिक सांगायला नको. २०१७ साली टी. एम. कृष्णा यांनी कर्नाटक संगीतात ‘पोरंबोक्कु’वर गीत गायले, तेव्हा पुष्कळांना पहिल्यांदा कळले, की ही शिवी मुळात एका सार्वजनिक मालमत्तेचे नाव आहे.

आता त्या व्याधाकडे. चेंगलपट्टु, तिरुवळ्ळूर आणि आर्काटच्या पट्ट्यात इरुळ नावाची जमात राहते. ‘इरुळ’ म्हणजे काळोख. एग्मोरच्या मद्रास संग्रहालयाचे अधीक्षक एडगर थर्स्टन यांनी १९०९ साली दक्षिणेतील जातीजमातींचा जो बहुखंडी कोश काढला, त्यात निलगिरीतील इरुळांहून वेगळे असे मैदानी इरुळ नोंदले आहेत. त्यांना ‘विल्लियन’ म्हणजे धनुर्धारी असेही नाव होते. यांचे रान म्हणजे घनदाट अरण्य नव्हे. कोरोमांडलच्या किनारपट्टीवर एक विशेष प्रकारचे जंगल आहे, ज्याला शास्त्रज्ञ उष्णकटिबंधीय शुष्क सदाहरित म्हणतात. पाऊस कमी, तोही बहुतेक ऑक्टोबर ते डिसेंबरात. तरी झाडे बारमाही हिरवी, उंची मात्र बेताची. महाबळेश्वरी आपण ज्याला अंजन म्हणतो त्याच्या जातीची झाडे, खिरणी, आबनूस, काटेरी झुडपे, वेली. या रानाचे आज तुकडे उरले आहेत. पुदुच्चेरीजवळच्या पुत्तुपट्टुसारख्या अय्यनारच्या देवराया, आणि चेन्नईच्या पोटात गिंडीचे २७० हेक्टर, जेथे राजभवनाच्या शेजारी काळविटे चरतात. गव्हर्नरसाहेबांच्या बंगल्याचे आवार नसते, तर गिंडीत आज काय असते याची कल्पना करणे अवघड नाही.

या झुडपी रानात इरुळ मध, कंद, औषधी मुळ्या गोळा करीत, ससे-घोरपडी धरीत, भाताच्या खाचरांतील उंदीर खणून काढीत. बिळात उंदरांनी साठवलेले भात हीही त्यांची मिळकत. शेतकऱ्याला उंदरांचा उपद्रव कमी, इरुळांना मांस आणि धान्य. वेडंतांगलच्या पक्ष्यांइतकाच हा सोयीचा व्यवहार होता. फक्त त्याचा कौल कोणी लिहिला नाही. आपल्या रायगड-ठाण्याच्या कातकऱ्यांची आठवण येथे होणे अपरिहार्य आहे. खैराचा कात पाडणारे म्हणून कातकरी. जंगल राखीव झाले, खैर तोडणे गुन्हा झाला, तेव्हा कातकरी कोळशाच्या आणि पुढे वीटभट्टीच्या कामाला गेले. उचल घ्यायची आणि फिटेपर्यंत राबायचे. इरुळांच्या बाबतीत भातगिरण्या आणि लाकूडतोड. कांचीपुरम-तिरुवळ्ळूर भागांतून वेठीची इरुळ कुटुंबे सोडवल्याच्या बातम्या एकविसाव्या शतकातही येत राहिल्या. २०११ च्या जनगणनेत तमिळनाडूत इरुळ सुमारे एक लाख नव्वद हजार होते. कातकरी आणि इरुळ या दोन्ही जमाती शासनाच्या विशेष असुरक्षित आदिम जमातींच्या यादीत आहेत. दोन वेगळ्या इलाख्यांतील, एकमेकांची भाषा न समजणारी माणसे एकाच कायद्याने एकाच यादीत कशी आली, यावर कोणी संशोधन करावे.

विसाव्या शतकात इरुळांना एक नवा धनी भेटला : सापाच्या कातड्याचा व्यापार. परदेशात पट्टे, पर्सा, बूट यांना मागणी होती, लक्षावधी कातडी निर्यात होत. इरुळ साप धरीत, पैसे दलालाला मिळत. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि १९७६ मध्ये सर्पचर्माची निर्यात बंद झाली. कायदा योग्यच होता. साप नाहीसे होत होते, उंदीर वाढत होते. पण एका सहीने हजारो माणसांचा धंदा गुन्हा ठरला आणि दुसरा धंदा त्यांना येत नव्हता. १८८२ ची पुनरावृत्ती, असे म्हणायला हरकत नाही.

यातून जी वाट निघाली ती मात्र वेगळी. मद्रासचे सर्पोद्यान आणि नंतर मगर संवर्धन केंद्र उभारणारे रोम्युलस व्हिटेकर यांनी इरुळांकडूनच साप ओळखण्याची विद्या घेतली होती. त्यांच्या पुढाकाराने १९७८ मध्ये इरुळ सर्पधारकांची औद्योगिक सहकारी संस्था नोंदवली गेली. महाबलिपुरमच्या वाटेवर वडनेम्मेली येथे मगर केंद्राच्या आवारातच तिचे काम चालते. कल्पना साधी होती : साप मारायचा नाही, त्याचे विष काढायचे आणि त्याला सोडून द्यायचे. परवाना चारच जातींचा : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. किती साप धरायचे हे वनखाते ठरवते. साप सुमारे तीन-चार आठवडे ठेवतात, तेवढ्यात काही वेळा विष काढतात, गोठवून त्याची भुकटी करतात आणि ती सर्पदंशावरील लस तयार करणाऱ्या संस्थांना जाते. भारतात या लशीसाठी लागणाऱ्या विषाचा मोठा वाटा वर्षानुवर्षे या एका लहानशा सहकारी संस्थेने पुरवला आहे. मुंबईची हाफकिन संस्था आपल्या परिचयाची. तिच्या पिंपरीच्या केंद्रात घोड्यांच्या रक्तापासून लस तयार होते. मावळात किंवा संगमेश्वरात भातलावणी करताना दंश झालेल्या माणसाच्या शिरेत जे औषध जाते, त्याचा आरंभ पुष्कळदा चेंगलपट्टुच्या एखाद्या इरुळाच्या कापडी पिशवीत झालेला असतो. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सुमारे बारा लाख माणसे सर्पदंशाने गेली, असा २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज आहे. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्या आकड्याशेजारी ही पिशवी ठेवून पाहावी.

सापांबाबत प्रशासनाची दुसरी पद्धत आपण कोकणात वापरून पाहिली होती. रत्नागिरी जिल्ह्यात फुरशांवर इनाम असे. १८६२ च्या डिसेंबरात इनामाची रक्कम वाढवली, तेव्हा आठवड्याभरात एक लाखाहून अधिक फुरसी मारली गेल्याची नोंद जुन्या लिखाणात सापडते. तिजोरीला भार झाला, इनाम कमी करावे लागले, आणि फुरसे कोकणात आजही आहे. आकडा मोठा दिसला म्हणजे काम झाले असे मानण्याची आमच्या खात्यांची सवय तेव्हापासूनची.

विषय विषाचा निघालाच आहे, तर आणखी एक गोष्ट सांगून टाकतो. १६७७ च्या मे महिन्यात शिवाजी महाराज कर्नाटकाच्या मोहिमेवर मद्रासच्या जवळपास होते. कालिकांबाळच्या देवळात त्यांनी दर्शन घेतले ही परंपरा चेन्नईतला प्रत्येक मराठी माणूस पाहुण्यांना सांगतो. तिच्याइतकी प्रसिद्ध नसलेली गोष्ट सेंट जॉर्ज किल्ल्याच्या दप्तरात आहे. महाराजांनी वकिलाकरवी पत्र पाठवून मद्रासकर इंग्रजांकडे विषावरचे उतारे मागितले आणि कौन्सिलने ते भेट म्हणून रवाना केले. तेव्हाचे उतारे म्हणजे प्राण्यांच्या पोटातील खडे आणि तशाच वस्तू. गुण किती येई ते देव जाणे. पण मद्रासहून मराठी मुलखाकडे विषाचा उतारा जाण्याची परंपरा बरीच जुनी म्हणायची. असो.

इरुळांच्या संस्थेची कहाणी सरळ यशाची नाही. साप वनखात्याचा, संस्था उद्योगखात्याच्या कक्षेत, माणसे आदिवासी कल्याण खात्याची. तीन खात्यांच्या बांधांवर उभे राहून परवान्याची वाट पाहावी लागते. परवान्याला उशीर झाला तर हंगाम जातो. शिवाय विज्ञानाने नवा प्रश्न उभा केला आहे. एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशागणिक बदलते. चेंगलपट्टुच्या घोणसाच्या विषावर तयार झालेली लस पंजाबात किंवा बंगालात तितकी लागू पडेलच असे नाही. म्हणून ठिकठिकाणी विष गोळा करावे, असे संशोधक म्हणतात. ते खरेच आहे. पण मग त्या-त्या ठिकाणी साप धरायला कोण जाणार, या प्रश्नाचे उत्तर पुन्हा इरुळांसारख्यांकडेच येते. २०१७ साली वडिवेल गोपाल आणि मासी सडैयन या दोन इरुळांना अमेरिकेतील फ्लोरिडात ब्रह्मी अजगर शोधायला नेले होते. तेथल्या शिकाऱ्यांना जे सापडत नव्हते ते यांनी नुसत्या मागावरून काढले. २०२३ मध्ये दोघांना पद्मश्री मिळाली.

जंगलावरचा हक्क मात्र पद्मश्रीहून अवघड ठरला. वनहक्क कायदा २००६ चा. महाराष्ट्रात गडचिरोलीच्या मेंढा-लेखाला २००९ साली सामूहिक हक्क मिळाला. तमिळनाडूत मद्रास उच्च न्यायालयाच्या २००८ च्या एका आदेशामुळे हक्कपत्रे देण्याचे काम अडून राहिले. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अडचण दूर केली, तोवर आठ वर्षे गेली होती.

आणि वेडंतांगल? १९३६ मध्ये त्याला अभयारण्य म्हणून मान्यता मिळाली, १९९८ च्या अधिसूचनेने तलावाभोवतीचा पाच किलोमीटरचा पट्टाही आत आला, २०२२ मध्ये रामसरचे नावही लागले. २०२० साली त्या पट्ट्याची फेरआखणी करण्याचा प्रस्ताव वनखात्याकडूनच निघाला, तेव्हा पक्षीमित्रांबरोबर गावकरीही विरोधात उभे राहिले. त्यातल्या एका वृत्तपत्रीय चर्चेत प्लेसच्या कौलाचा हवाला दिलेला वाचला, तेव्हा मनात आले, की दोनशे वीस वर्षांनंतर दप्तरातला कागद अशा कामाला येतो, याचे भान सही करताना आपल्यापैकी किती जणांना असते.

गेल्या हिवाळ्यात पाहुण्यांना घेऊन वेडंतांगल केले आणि परतताना मुद्दाम वडनेम्मेलीकडून वळसा घालून आलो. तिकीट काढले की विष काढण्याचे प्रात्यक्षिक पाहता येते. मध्यभागी खळगा, त्यात ओळीने मातीची मडकी, प्रत्येक मडक्याचे तोंड कापडाने बांधलेले. मडक्यावर सापाची नोंद. एक मध्यमवयीन इरुळ गृहस्थ शांतपणे एकेक मडके सोडीत होते. मुदत संपली की सापाच्या पोटाकडच्या खवल्याला एक लहानशी खूण करून त्याला रानात सोडतात. खूण ताजी असलेला साप पुन्हा कोणाच्या हाती लागला, तर तो तेथेच सोडून द्यायचा, असे त्यांनी आमच्या चिरंजीवांना तमिळमध्ये समजावून सांगितले.